एक राहिलंय

“आता पाणी,” असं म्हणून घडीमास्तर दोन पावलं मागे सरकला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

हेडक्लार्कांनी नळ सोडला, बंद केला, पातेल्यातल्या तांदळात बोट बुडवलं आणि मुलाकडे पाहिलं.

“एवढं पुरे?”

घडीमास्तर खिडकीबाहेर बघत राहिला.

“अरे, तुला विचारतोय.”

“मी इथे नाहीये,” तो म्हणाला. “मी कामाला गेलोय.”

हेडक्लार्कांनी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत आणखी अर्धी वाटी पाणी ओतलं, गॅस पेटवला आणि काडी विझवून डब्यात टाकली. भात किंचित गिचका झाला. घडीमास्तरने चव घेतली, मान डोलावली आणि काही न बोलता ताट वाढून घेतलं.

पस्तीस वर्षं कचेरीत काढून निवृत्त झालेल्या हेडक्लार्कांनी आयुष्यात शेकडो लोकांची पेन्शनची प्रकरणं मार्गी लावली होती, पण घरात साखरेचा डबा कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. चहा आपोआप होतो आणि शर्ट आपोआप धुतले जातात, अशी त्यांची जवळजवळ खात्रीच होती. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि आपोआप होणारं सगळं एका दिवसात थांबलं. त्यानंतरचे काही महिने बाप-लेकांनी पाव आणि अंडी यांवर काढले. मग कोणीतरी त्यांना आपलं आपण करायला शिकवणाऱ्या एका वर्गाबद्दल सांगितलं.

वर्ग एका शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत भरायचा. एका खोलीत ओटा, पलंग, वॉशिंग मशीन असं बेतानं मांडलेलं घर होतं, दुसरीत टेबलं आणि फळा. तिथे येणारी मंडळी वीस ते पन्नासच्या मधली. कोणाला कमी दिसायचं, कोणाचा हात चालायचा नाही, कोणाला समजायला वेळ लागायचा. शिकवणाऱ्या बाई प्रत्येकाला ‘तुम्ही’ म्हणायच्या. पहिल्याच दिवशी आपल्या छत्तीस वर्षांच्या मुलाला कोणीतरी ‘तुम्ही’ म्हणतंय हे ऐकून हेडक्लार्कांनी मागे वळून पाहिलं होतं, की आणखी कोण आलंय.

घडीमास्तरच्या डोक्यात गोष्टी हळू शिरायच्या, पण एकदा शिरल्या की जुन्या भाडेकरूसारख्या, निघायचं नाव घ्यायच्या नाहीत. चादरीची घडी घालायला तो तीन आठवडे शिकला आणि नंतर अशी घालू लागला की बाईंनी ती पट्टी लावून मोजली. तेव्हापासून त्याला हे नाव पडलं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत त्याला कामही मिळालं. आधी घराबाहेर त्याला सगळे घडीमास्तरच म्हणू लागले, आणि हळूहळू घरीही.

बाईंची शिकवायची एक रीत होती. आधी हात धरून करायचं, मग शेजारी उभं राहायचं, मग एक पाऊल मागे, मग दोन, मग दारात. “आपला मदतीचा हात खिशात ठेवायला शिका,” असं त्या आयांना आणि बापांना सांगत. गेले कित्येक महिने घडीमास्तर रोज संध्याकाळी घरी हेच करत होता. शिकलेलं कोणाला तरी शिकवायचं असा गृहपाठ असणार, असं हेडक्लार्कांनी धरून चाललं होतं. मुलाच्या अभ्यासासाठी बळीचा बकरा व्हायला त्यांची हरकत नव्हती. बकरा एव्हाना कपडे धुवायला, पलंग आवरायला आणि तीन प्रकारची भाजी करायला शिकला होता.

मंगळवारी बाईंनी दोघांनाही वर्गानंतर थांबवून घेतलं.

“काका, त्या घराचं काय ठरलं? शनिवारपर्यंत कळवायचंय.”

लाँड्रीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर संस्थेने एक घर घेतलं होतं. तिथे चौघांनी मिळून राहायचं, आपलं आपण करायचं, संध्याकाळी एक ताई येऊन बघून जाणार. तीन जण राहायलाही गेले होते. चौथी जागा घडीमास्तरसाठी ठेवलेली होती. लाँड्रीची मुख्य पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची आणि घरून तितक्या लवकर बस नव्हती, म्हणून तो दुपारच्या अर्ध्या पाळीवर होता. तिथे राहायला गेला तर पूर्ण पाळी आणि पक्की नोकरी. नाही गेला तर जागा दुसऱ्याला आणि पाळीही.

“तो नको म्हणतो,” हेडक्लार्क म्हणाले. “दोनदा विचारलं. मी काय करू?”

“तुम्ही काही बोललात का त्यांना?”

“मी? अवाक्षर नाही.”

ते खरंच होतं. पण दोन्ही वेळा त्याचा नकार ऐकून आपल्याला किती हायसं वाटलं होतं, हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. रिकाम्या घरात एकटं जेवायचं, हा विचारच त्यांना नको व्हायचा. मुलगा नाही म्हणाला, आपण आडवे आलो नाही, अशी त्यांनी मनातल्या मनात त्या प्रकरणावर नोंदही करून टाकली होती.

बाई घडीमास्तरकडे वळल्या. “तुम्हाला भीती वाटते का?”

“नाही.”

“तिथले लोक आवडत नाहीत?”

“आवडतात. त्यांना घड्या येत नाहीत.”

“मग का नको?”

“अजून झालं नाही,” तो म्हणाला. “एक राहिलंय.”

बाईंनी त्याचा तक्ता काढला. वर्गातल्या प्रत्येकाचा असा तक्ता असायचा. डावीकडे कामं, प्रत्येकापुढे छोटं चित्र आणि तीन रकाने: मदतीने, आठवण केल्यावर, एकट्याने. घडीमास्तरच्या सगळ्या खुणा शेवटच्या रकान्यात होत्या.

“हे बघा. तुमचं काहीच राहिलेलं नाही.”

“माझं नाही,” असं म्हणून त्याने आपली फाइल उघडली आणि तसाच दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला. वर नावापुढे मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: बाबा.

हेडक्लार्कांनी चष्मा सारखा केला. तक्ता कचेरीतला कागद वाचावा तसा वरून खाली वाचला. चहा. भात. कपडे धुणे. गॅस बंद केला का ते बघणे. किल्ली बरोबर घेणे. प्रत्येक कामापुढे आधी पहिल्या रकान्यात खूण, मग ती खोडून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. किल्लीची खूण तर चार वेळा पुढे-मागे झाली होती. सर्वांत खालच्या ओळीत एकही खूण नव्हती. तिथे हात वर केलेल्या माणसाचं चित्र होतं आणि छापलेलं होतं: गरज पडल्यावर मदत मागतो.

बाईंनी खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला.

“ही काय भानगड आहे?” हेडक्लार्क शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले.

“डोळ्यातलं औषध,” घडीमास्तर म्हणाला.

त्यांना काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत थेंब घालायचे, ते जन्मभर. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून थेंब घडीमास्तर घालायचा.

“ते तू घालतोस की.”

“मी नसणार ना.”

“मी माझं घालीन.”

“येत नाही तुम्हाला. कोणाला तरी सांगायला लागेल.” मग जरा थांबून तो म्हणाला, “तुम्ही कोणालाच सांगत नाही.”

हेडक्लार्कांना यावर पुष्कळ बोलता आलं असतं. आपण कधी कोणापुढे हात पसरला नाही, हे ते लोकांना अभिमानाने सांगत आले होते. पण तो रिकामा रकाना समोर होता आणि कागदापुढे वाद घालायचा नाही, हे त्यांनीच पस्तीस वर्षं इतरांना शिकवलं होतं.

बुधवारी त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतः प्रयत्न केला. पहिला थेंब मिशीत गेला, दुसरा कॉलरवर. गुरुवारी पलंगावर आडवं होऊन पाहिलं; कान ओला झाला. दोन्ही दिवशी घडीमास्तर दारात उभा राहून बघत होता. नंतर तो आत यायचा, बाटली घ्यायचा, दोन थेंब बरोबर घालायचा आणि फाइलला हात न लावता निघून जायचा.

शुक्रवारी संध्याकाळी हेडक्लार्क बाटली हातात धरून बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या काकू राहत होत्या. त्यांच्या मशीनच्या घरघरीबद्दल त्यांनी इमारतीच्या कमिटीकडे चार वर्षांपूर्वी लेखी तक्रार केली होती, सोबत दोन जोडपत्रं. तेव्हापासून जिन्यात भेट झाली तरी दोघंही पायऱ्यांकडे बघत जायचे. पण तिथे जाणं त्यांना त्यामुळे जड जात नव्हतं. ते दार वाजवलं की मुलगा जाणार, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. न वाजवता बसून राहिलं तर तो राहील, तक्रारसुद्धा करणार नाही, आणि मग एक दिवस आपण नसू. बायको असती तर तिने त्यांना केव्हाच ढकलून उठवलं असतं.

ते उठले आणि चपला न घालताच समोर गेले. घडीमास्तर मागोमाग आला आणि आपल्याच उंबऱ्यात थांबला.

काकूंनी दार उघडलं. गळ्यात टेप, हातात सुई. “मशीन बंद आहे माझं,” त्या म्हणाल्या.

“त्याबद्दल नाही आलो.”

हेडक्लार्कांनी मागे वळून पाहिलं. घडीमास्तर जिन्यातल्या विजेच्या मीटरकडे टक लावून बघत होता, दोन्ही हात खिशात.

“मला मदत हवी होती,” हेडक्लार्क म्हणाले. “डोळ्यात थेंब घालायचे असतात. माझा हात हलतो. सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सातला.”

“रोज?”

“रोज.”

काकूंनी सुई पदराला टोचली आणि बाटली घेऊन उजेडात धरून पाहिली. “सातला माझी मालिका असते. पावणेसातला चालेल?”

“चालेल.”

“मग आत या की. बिनचपलेचे काय उभे आहात दारात?”

काकूंनी त्यांना मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं, एका बोटाने पापणी धरली आणि काही कळायच्या आत दोन्ही डोळ्यांचं काम उरकलं. वर म्हणाल्या, “तुमच्या या शर्टाचं बटण कोणी लावलंय?”

“मीच.”

“तरीच.”

घरी परतल्यावर घडीमास्तरने फाइल काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि शेवटच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात खूण केली. हेडक्लार्क डोळे पुसत वाकून बघत होते. मदत मागतो, एकट्याने. आयुष्यात त्यांना बढत्या मिळाल्या होत्या, एकदा निरोप समारंभात शालही मिळाली होती. पण ऊर असा भरून आलेला त्यांना आठवत नव्हता. त्यात दुःखही होतं, नाही असं नाही.

“उद्या बाईंना हो सांगतो,” घडीमास्तर म्हणाला. “रविवारी जातो.”

“बरं.” हेडक्लार्कांनी चष्मा लावला. “म्हणजे तयारीला एकच दिवस. चल, बॅग भरू. मी मदत करतो.”

“भरलीय.”

“कधी?”

घडीमास्तर पलंगाखाली वाकला आणि त्याने बॅग बाहेर ओढली. चेनवर धूळ बसली होती. “ते घर दाखवलं ना बाईंनी,” तो म्हणाला, “त्याच दिवशी. मार्चमध्ये.”

बाहेर नोव्हेंबर संपत आला होता. हेडक्लार्क पलंगाच्या कडेवर बसले. बॅगेत कपडे नीट रचलेले होते, सगळ्या घड्या एका मापाच्या, सगळे शर्ट उन्हाळ्याचे, अर्ध्या बाह्यांचे.

त्यांनी उठून कपाट उघडलं, वरच्या फळीवरून मुलाचा जाड स्वेटर काढला आणि पुन्हा पलंगावर बसून, तो मांडीवर घेऊन त्याची घडी घालायला लागले. बाही काही केल्या आत जाईना.

“थांबा,” घडीमास्तर म्हणाला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला.