दाजीबा मुनिमाची सोयरीक

बदनापूरच्या काकासाहेबांनी हो म्हटलं, तर सुग्रीवला बरंच मिळण्यासारखं होतं. पहिली म्हणजे त्यांची मुलगी राजनंदिनी. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी, डोळ्याला चष्मा, फोटोत न हसणारी. दुसरं, मोसंबीची बाग असलेला सासरा. तिसरं, घरातली शांतता. आधीच्या चार ठिकाणांहून नकार आल्यापासून त्याची आई आसराबाई त्याच्यापुढं जेवणाचं ताट जरा जोरातच ठेवायची. आणि चौथं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. राजनंदिनीनं मोबाइलवर लिहिलेलं एक मत फिरत फिरत हसनाबादेत त्याच्यापर्यंत आलं होतं, आणि ते त्यानं सहा वेळा वाचलं होतं.

मत होतं एका कार्टूनवर.

'अंधारवाडीचे चौघे' हे कार्टून सतरा वर्षांपूर्वी रोज साडेचारला लागायचं. तीन पोरं आणि ढवळी नावाची एक बकरी. गावात काहीतरी हरवायचं, नाहीतर कुणीतरी भूत पाहायचं, आणि हे चौघे त्याचा छडा लावायचे. ऐन अंधारात पोरं अडली की गावचे म्हातारे मुनीम दाजीबा कंदील घेऊन हजर व्हायचे. राजनंदिनी सात वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला, तेव्हा काकासाहेब तिच्या उशाशी बसून हे बघायला लागले. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचे. पोरगी महिन्याभरात बरी झाली, काकासाहेब काही झाले नाहीत.

यंदा ते कार्टून मोबाइलवर नव्यानं सुरू झालं. काकासाहेबांनी पहिल्याच आठवड्यात 'अंधारवाडी प्रेमी मंडळ, बदनापूर' असा ग्रुप काढला. सभासद त्रेचाळीस, ॲडमिन एक. शुभ सकाळ टाकायला बंदी, मोसंबीचा भाव विचारायला बंदी.

चार भाग सुखात गेले. पाचव्या भागात देवळातला चांदीचा मुकुट चोरीला गेला, विहिरीतून रडण्याचा आवाज येऊ लागला, आणि शेवटी चोर निघाले कोण? दाजीबा मुनीम.

ग्रुपवर आग लागली. खताचं दुकान असलेल्या रामप्रसादनं लिहिलं, 'नव्या लेखकाला मुनीम म्हंजी काय ते ठाव न्हाई. मुनीम मुकुट चोरत नसतो, त्याला दुसरे मार्ग आस्तेत.' अंगणवाडीच्या साळूबाईंचं म्हणणं पडलं की दाजीबाच्या घरात कुणीतरी आजारी असणार, उगं कोण चोरी करतं. एकानं तर चोरीचं सोडूनच दिलं; बकरी आधी पांढरी होती, आता भुरी दिसून राह्यली, याचा जबाब कोण देणार? काकासाहेबांनी निकाल दिला: दाजीबा निर्दोष, भाग रद्द समजावा.

त्याखाली राजनंदिनीनं लिहिलं, 'दाजीबाला कुणी बोलवत न्हाई, तरी दर वेळी बराबर जागेवर कंदील घेऊन येतो. कसा? त्याला आधीच माहीत असतं म्हणून. चोर आज न्हाई झाला, पहिल्यापासून हाय.'

काकासाहेबांनी स्वतःच्या मुलीला ग्रुपमधून काढलं. दोघंही तेव्हा एकाच सोफ्यावर बसलेले होते.

पुढं चार दिवस बापलेकीचं बोलणं बंद. राजनंदिनीची आई उषाबाई मधल्या मधी निरोप न्यायच्या. "तुझा बाप म्हणतो चहा दे." "त्यांना म्हणावं, दाजीबाला मागा." अशात रविवारी पाहुणे येणार होते.

स्थळ जमवणारे होते सुग्रीवचे चुलते राधाकिसन. भोकरदन आणि जाफराबाद या दोन तालुक्यांत आपण ओळखत नाही असा माणूस नाही, ही त्यांची ख्याती. सोयरीक जमवणाऱ्याचं सगळं भांडवल 'वळखतो की' या दोन शब्दांत असतं. 'ठाव न्हाई' म्हटलं की दुकान बंद. म्हणून राधाकिसन ते कधी म्हणत नसत. काकासाहेबांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत पर्मनंट आहे. आणि सुग्रीवला गाडीत बजावलं होतं, "त्यांच्याकडं कुण्या दाजीबावरून वाद चालू हाय म्हणं. पोरीचा बाप त्याच्या बाजूनं हाय. तू बी तेच म्हणायचं. मान हलव, बाकी मी बघतो."

"काका, तो दाजीबा म्हणजे..."

"मला शिकवू नको. मी वळखतो त्याला."

सुग्रीव खिडकीबाहेर बघू लागला. गाडीत आई होती, आणि पाचवा नकार तिला झेपणारा नव्हता.

पोहे आले. राजनंदिनी समोर बसली. नाव, शिक्षण, भाऊ किती हे विचारून झालं. मग काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"राधाकिसनराव, एक विचारू का? आमच्या घरात ह्याच्यावरून लई झालंय. दाजीबासारखा माणूस चोरी करीन, तुम्हाला पटतं?"

राधाकिसननी पोह्यांची बशी खाली ठेवली. सोयरिकीत एखाद्या नातेवाइकावर आळ असला की मध्यस्थानं कसं बोलायचं, याचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव होता.

"दाजीबा? राम राम! सोन्यासारखा माणूस. कुणी उठवलं हे?"

काकासाहेबांचा चेहरा फुलला. "म्हंजी तुम्ही बी?"

"मी बी काय! पहिल्यापासून वळखतो त्यांना. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात बुंदी वाढायला व्हते."

राजनंदिनीनं ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. आसराबाईंना काही कळलं नव्हतं, पण दिराची बुंदी त्यांनी आधीही बऱ्याच लग्नांत ऐकली होती, त्यामुळं त्या जमिनीकडं बघू लागल्या.

काकासाहेब पुढं सरकले. आवाज एकदम मऊ. "असं? मूळ गाव कोणतं म्हणायचं त्यांचं?"

"आता तुमच्यापुढं मी काय सांगावं."

"अंधारवाडीच ना?"

"अंधारवाडीच! फाट्यावरून आत. मी गेल्तो की दोनदा."

"बकरी व्हती का त्यांच्या दारात?"

"एक? बारा व्हत्या!"

"अन रंग?"

"आता बकरीचा रंग कोण ध्यानात ठेवतं, काकासाहेब."

"आमच्या ग्रुपवर ठेवतेत," काकासाहेब म्हणाले. "मंग ह्या पोराची हमी तुम्हीच दिली. पर्मनंट हाय, निर्व्यसनी हाय. ह्याला बी तुम्ही दाजीबाला वळखता तसंच वळखता?"

"बराबर तसंच!" राधाकिसन छातीवर हात ठेवून म्हणाले.

उषाबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

काका जेवढी ग्वाही देत होते तेवढा सुग्रीव स्वतः खोटा होत चालला होता. अजून दोन वाक्यं झाली असती, तर त्याचं नाव, गाव आणि आधारकार्डसुद्धा संशयात गेलं असतं.

"काका, दाजीबा कार्टूनमधला हाय," तो म्हणाला.

पण माघार घेणं राधाकिसनच्या रक्तात नव्हतं. "आसंल. पण घराणं चांगलं."

आता मात्र काकासाहेबही हसले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि सुग्रीवकडं वळले. हसू पार गेलं होतं.

"तुम्ही बघता का?"

"बघतो. पहिल्यापासून. साडेचारला."

"मंग तुम्हीच सांगा. चोर हाय का न्हाई?"

मान हलवायची, एवढंच काम होतं. सासरा, बाग, आईचं ताट, सगळं त्या एका मानेवर टांगलेलं. काका डोळ्यांनी खुणावत होते. समोर राजनंदिनी चष्म्याआडून सरळ बघत होती, माती बघावी तशी: हिच्यात काय आहे आणि काय नाही.

"आधी दुसरं सांगतो," सुग्रीव म्हणाला. "मी पर्मनंट न्हाई. सिझनपुरता घेतेत, बियाणं भरायच्या वेळी. बाकी घरचं शेत करतो. अन दाजीबा चोर हाय."

आसराबाईंनी कपाळाला हात लावला.

"पुरावा?" हे काकासाहेबांनी विचारलं नाही. राजनंदिनीनं विचारलं. विचारणाऱ्यांत तिचा नंबर नव्हता, पण सगळ्यांनी सवयीनं सुग्रीवकडं बघितलं.

"तुम्ही लिहिलं ते बराबर, की तो न बोलावता येतो. पण कुणी म्हणंल, माणुसकीनं येतो."

"तेच म्हणून राह्यलो मी!" काकासाहेब म्हणाले.

"पण काच बघा त्याच्या कंदिलाची. मुनिमाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून जळता कंदील घेऊन वाऱ्यात चालत आला, तर काचेवर काजळी धरंल. त्याची काच दर वेळी लख्ख. म्हंजी कंदील तिथंच पेटवला. म्हंजी तो आधीपासून तिथंच बसलेला व्हता."

राजनंदिनीचं तोंड किंचित उघडं राहिलं. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

काकासाहेबांनी मोबाइल काढला. विहिरीचा प्रसंग लावला, थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. मग नव्या भागातून जुन्यात गेले. देवळाचा प्रसंग, मग जत्रेचा. एकदा म्हणाले, "चित्र काढणाऱ्याला काजळी काढायचा कंटाळा आला आसंल." पण त्यांचा आवाज त्यांनाच पटला नाही. दहावीपर्यंत ते कंदिलाखाली शिकले होते. रोज सकाळी राखेनं काच घासायचं काम घरात त्यांचंच होतं. वाऱ्यात चाललेला कंदील कसा दिसतो ते त्यांना चित्रात बघायची गरज नव्हती.

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. मोसंबीच्या बागेकडून मोटारीचा आवाज येत होता.

"सतरा वर्षं," काकासाहेब शेवटी म्हणाले. "पोरांच्या डोळ्यांदेखत, कंदील धरून."

"आप्पा," राजनंदिनी म्हणाली. चार दिवसांत तिनं बापाला पहिल्यांदा हाक मारली. "तो पोरांना मात्र कधी पडू द्यायचा न्हाई. ते खरंच व्हतं."

"राहू दे. समजूत नको काढू." मग ते सुग्रीवकडं बघून म्हणाले, "पर्मनंट न्हाई म्हणता."

"न्हाई."

"मी हाय पर्मनंट," राजनंदिनी म्हणाली आणि बश्या उचलू लागली. उषाबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं, त्यांना अजून पोहे तर दे," आणि इतकं झाल्यावर बाकीच्यांना ठरवायला काही उरलं नाही.

आसराबाईंना सून मिळाली. त्या दिवसापासून सुग्रीवचं ताट अलगद ठेवलं जाऊ लागलं. राजनंदिनीला पुराव्यानिशी बोलणारा नवरा मिळाला. राधाकिसनचं काहीच गेलं नाही. परतीच्या वाटेवरच त्यांना आष्टीच्या एका स्थळाचा फोन आला आणि ते मुलाच्या आजोबांना चांगलं ओळखत होते. त्रेचाळीस प्रेमींना महिनाभर पुरेल एवढं भांडण मिळालं, कारण काकासाहेबांनी संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, 'माझी चूक झाली, दाजीबा चोर आहे,' आणि ॲडमिनपद रामप्रसादकडं दिलं.

किंमत भरली ती एकट्या काकासाहेबांनी. सकाळी त्यांच्या घरात दाजीबा होते आणि मुलगी होती. पाहुण्यांनी पोहे संपवले तोवर त्यातला एक गेला होता, आणि दुसरीच्या लग्नाची तारीख निघाली होती.