साक्षीनं ऐकलं न्हाई

मी सिंधु. निलंग्याच्या एसटी स्टँडामागं माझं भाकरीचं दुकान हाय. सिंधुबाईच्या तोंडी लागू नये, असं गिऱ्हाईकं म्हणतात, अन् खोटं न्हाई ते. सगळ्यांनी माझं ऐकायचं, ही माझी रीत. नवरा एसटीत कंडक्टर, अख्ख्या गाडीला दटावतो, पण घरी गुमान ऐकतो. अन् लेक साक्षी तर एका गोष्टीत लहानपणापासून ऐकतच आली. ताट वाजलं की बाहेर पळायचं.

ताटाचं सांगायलाच पाहिजे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. बापानं मला दंडाला धरून अंगणात फेकलं. सात वर्षांचा भाऊ वीरण्णा मात्र बाजंखाली शिरला. मी बाहेरून वरडले, "वीरण्णा, बाहेर ये! बाहेर ये रे!" न्हाई आला. दगडमातीची भिंत बाजंसकट त्याच्यावर बसली. तेव्हापासून मला त्याचा राग. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात, मी धरला. ऐकलं असतं तर आज माझ्या घरी येऊन भाकरीला नावं ठेवत बसला असता.

म्हणून साक्षी चालायला लागली तशी मी कधीबी ताटावर उलथनं हाणायची, अन् पाच म्हणायच्या आत तिनं अंगणातल्या कडुलिंबाखाली दिसायचं. एकदा तर पोरगी अर्धी आंघोळ टाकून, डोळ्यात साबण घेऊन, टॉवेल गुंडाळून पळत आली. गल्ली हसली. मी म्हणले, "चारातच आलीस. शाब्बास!"

हीच पोरगी नर्सिंग शिकली, वर जपानी शिकली, अन् तिकडं म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. समुद्राकाठचं बारकं गाव. दर ऐतवारी फोनवर तोंड दाखवायची. तिथं म्हणे चपलासुद्धा दारात रांगेनं ठेवतात, टोकं बाहेरच्या अंगाला. नव्वदीतले म्हातारे सकाळी उठून कवायत करतात. ती सांभाळायची त्या आजीबाई तर फोनमधे डोकावून मला वाकून नमस्कार करायच्या, मीबी इकडं परातीवर वाकायची.

"अन् आई, इथं भूकंप म्हणजे आपल्याकडं लाईट जाते ना, तसं," ती एकदा म्हणली. "दाराशी पिशवी टांगलेली असते. पाणी, बॅटरी, बिस्किटं. हादरलं की टेबलाखाली बसायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "टेबलाखाली बसून काय आरती म्हणायची? बाहेर पळायचं!"

"अगं, इथली घरं येगळी बांधलेली..."

"घराचं मला शिकवू नको. माझ्या गळ्याची शपथ घे."

घेतली बिचारीनं. मी निवांत झाले.

एक जानेवारीला दुपारी भाकरी थापत होते, तर मोबाईल दुरुस्तीवाले मकबूलभाई अनवाणी पळत आले. "भाभी, जपानमधे मोठा झटका बसलाय. साक्षीबेटीकडचाच किनारा दाखवून राहिलेत." त्यांनी फोन पुढं केला. रस्ता उभा फाटलेला. एका दुकानात माणसं टेबलाखाली बसलेली, धडधाकट. अन् त्याच दुकानाच्या दारापुढं वरून पडलेल्या कौलांचा ढीग. बाहेर पळणारा नेमका त्याच्याखाली आला असता.

भाकरी हातातनं सुटून राखेत पडली. माझी शपथ! मीच पोरीला त्या ढिगाखाली धाडलं होतं.

मकबूलभाई फोन लावून लावून थकले. लागंना. मी कपाळ बडवून घेतलं. "झक मारली अन् शपथ घातली!"

"भाभी, धीर धरा. पोरगी शहाणी हाय."

"शहाणी हाय म्हणूनच भ्या वाटून राहिलंय. ती ऐकती माझं!"

देवाला कधी असलं मागितलं नव्हतं. म्हणले, बाबा, आजचा दिवस तिला माझ्यासारखी हट्टी कर. ताट कानात वाजलं तरी जागची हलू देऊ नको.

पाच वाजता फोन आला. साक्षीच! डोक्यावरनं घोंगडं, नाक लाल. "आई, मी चांगली हाय. समुद्र चढतोय म्हणून सगळे वरच्या शाळेत येऊन बसलोय. आजीबाईला पाठीवर घेऊन चढले." मग हळूच म्हणली, "एक सांगू? रागावू नको. फोनमधला भूकंपाचा भोंगा वाजला अन् मला तुझं ताटच ऐकू आलं. दोन पावलं दाराकडं गेलेबी. पण आजीबाईनं माझा हात धरला. त्यांना कुठं पळता येतंय? त्यांना ओढून टेबलाखाली घेतलं अन् मीबी बसले. दारावरची कौलं सगळी खाली आली. आई, मी शपथ मोडली गं."

"मोडलीस? लई बरं केलंस, भवाने! लई बरं केलंस, माझ्या माय!" मी रडत होते का हसत होते, मकबूलभाईंनाच विचारा. मग मी विचारलं, "लई हाललं का गं घर?"

"लई हाललं. पण उभं राहिलं."

उभं राहिलं! माझ्या वीरण्णानंबी हेच तर केलं होतं. सात वर्षांचं लेकरू, सुचलं तसं बाजंखाली शिरलं. चुकला नव्हता तो. आमचं घरच उभं राहिलं न्हाई. अन् मी तीस वर्षं त्यालाच बोल लावला.

"मकबूलभाई, दुकानाकडं बघा जरा," म्हणले अन् तशीच पिठाच्या हातानं निळकंठेश्वराच्या देवळाकडं निघाले. वाटेत दोन नारळ घेतले. एक लेकीनं माझं ऐकलं न्हाई म्हणून. दुसरा वीरण्णाच्या नावानं, माझी चूक झाली म्हणून.