कानबाईची रेकॉर्ड

माझ्या पोराने माझ्या आईचा गळा दाबला, असं मी भरल्या घरात, अख्ख्या भाऊबंदकीसमोर बोललो. बोललो ते बोललो.

आमच्या शिरपूरच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचे रोट खायला सगळे जमतात आणि त्या दिवशी माझ्या आईची रेकॉर्ड वाजते. कानबाईची गाणी. मी पोटात असताना आई ती गायली आणि मी दहा महिन्यांचा असताना गेली. आईचं म्हणून माझ्याकडे दुसरं काही नाही, फोटोसुद्धा नाही. तो आवाज ऐकून ऐकूनच मी तिचं तोंड मनात तयार केलं. भारी, संथ, मायेचा आवाज. मलमलच्या फडक्याने तबकडी पुसायची, सुई अलगद टेकवायची, खरखर सुरू झाली की डोळे मिटायचे. बाप गेल्यापासून त्या मशीनला मी कोणाला बोट लावू दिलेलं नाही.

यंदा आमच्या दिवट्याने, तेजसने, मला न विचारता ती तबकडी धुळ्याला नेऊन मोबाईलवर उतरवून आणली. पूजा झाली आणि याने स्पीकर लावला. त्यातून एक चिरकी, कोवळी पोरगी गायला लागली. तीही घाईघाईने, बस सुटत असल्यासारखी.

"बंद कर!" मी ओरडलो. "ही माझी आई? गळा दाबलास तू तिचा! रस फेकलास आणि चोथा आणलास मला!"

"नाना, आपलं मशीन चुकतंय. पट्टा घसरतो, तबकडी हळू फिरते, म्हणून आवाज जड येतो. धुळ्याच्या त्या माणसाने मोजून दाखवलं."

"तुझ्या त्या माणसाला घाल चुलीत! मला अक्कल शिकवतो? तुझ्या आजोबांनी सायकलची ट्यूब कापून स्वतःच्या हाताने बसवलाय तो पट्टा."

"तेच म्हणतोय मी."

हात उचलला होता मी. बायको, चारुलता, मध्ये पडली म्हणून वाचला. मग मला सुचलं, साक्षीदार तर घरातच आहे. इंदिराकाकू, आईची जाऊ. रेकॉर्डवर आईच्या मागे झील धरणारी तीच.

"काकू, सांग या गाढवाला!"

काकू पदराने डोळे पुसत होती.

"हाऊ तिनाच आवाज शे रे," ती म्हणाली. "बावीस वरीसनी पोर व्हती ती. असीच गाये, चिडीनी गत चिवचिव."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुना बाप ते ऐकीसन रडे. मंग तू बी रडाले लागना. मी कसी सांगू?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "चालते व्हा सगळे!" म्हणालो. रोटाच्या दिवशी कोणी भाऊबंदांना हाकलत नाही. मी हाकललं. म्हाताऱ्या काकूलाही.

घर रिकामं झाल्यावर मशीन लावलं. तीच तबकडी, तीच सुई. पण आता ती बाई रेंगाळत, ओढून ताणून गाताना ऐकू यायला लागली. कोण होती ही? जन्मभर मी हिच्यासाठी रडलो.

तेजस बाहेर ओट्यावर बसून होता.

"लाव ते परत," मी त्याच्याकडे न बघता म्हणालो.

त्याने लावलं. पोरगी गायला लागली. माझ्या लेकीहून, मयुरीहूनही लहान. तिला आई म्हणायला माझी जीभ वळेना.