डावं सैल, उजवं घट्ट

डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं, तर आमचे हे डॉक्टरांवरच भडकले. काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याचीही त्याच वाटेवर. "समोरचं मला लख्ख दिसतं," हे म्हणाले आणि दवाखान्यातून बाहेर पडून थेट बोलेरोचं दार उघडायला गेले. मी म्हटलं, जा तुम्ही, मी रिक्षानं येते. तेव्हा कुठे माझ्यामागे आले. गाडी संध्याकाळी शेजारच्या योगेशनं आणून लावली.

ह्यांचं नाव वाल्मीक. मूळचे चांदवडचे, आता तीस-एक वर्षं नाशकात. बियाण्यांच्या कंपनीत होते, सगळी नोकरी फिरतीची. कळवण, सटाणा, नामपूर, कुठे म्हणून गेले नाहीत! झोपेत उठवून विचारा, कुठल्या गावच्या फाट्यावर खड्डा आहे ते सांगतील. अशा माणसाला घरी बस म्हणायचं म्हणजे काय असतं ते मीच जाणे. दिवसभर गॅलरीत उभं राहून खालच्या गाडीकडे बघायचे. मधूनच म्हणायचे, "बॅटरी उतरेल, जरा चालू करून येतो." की मी दारात आडवी.

आता मी आडवी का, तर भीती वाटायची म्हणून. पण खरं सांगू? त्या गाडीवर माझा तसाही राग होता. एवढी वर्षं ती गाडी दारात, आणि मी एकदा म्हणून पुढच्या सीटवर बसले नाही. पुढे सासरे. ते गेल्यावर दीर. दीर नसले तर नंदोई. कुणीच नसलं तर रस्त्यात भेटलेला एखादा दुकानदार, "या ना, पुढे या" करून. एकदा तर पुढे मक्याच्या बियाण्याची गोणी होती, पट्टा लावलेली, आणि मी मागे पोरीला मांडीवर घेऊन. गोणीला पट्टा आणि मला नाही! सासूबाई म्हणायच्या, बाई पुढे बसली की गाडी हाकणाऱ्याचं चित्त ढळतं. माझ्याकडे बघून ह्यांचं चित्त ढळेल एवढी काही मी देखणी नव्हते, पण वाद कोण घालणार? आमच्याकडे सगळ्यांच्याच बायका मागे बसायच्या.

आमची हर्षाली पुण्याला नोकरी करते. तिनं दिवाळीत एक मोठा खोका आणला. त्यात स्टिअरिंग, खाली लावायचे पेडल आणि टीव्हीला जोडायचं एक यंत्र. म्हणाली, "पप्पा, रॅलीचा गेम आहे. गाडी चालवा हवी तेवढी, मम्मीच्या जिवाला घोर नाही." रॅली म्हटल्यावर मला आधी सभाच आठवली, झेंडे लावलेले टेम्पो आणि भोंगे. ती हसली. म्हणे कच्च्या रस्त्यांवरची, घाटांतली, जंगलांतली शर्यत. एकेक गाडी सुटते, आणि कमी वेळात पोचेल ती जिंकते.

जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळलं. पेडल काही केल्या जागेवर राहीनात, ह्यांनी जोर लावला की फरशीवरून मागे. शेवटी त्यांच्यामागे मी गव्हाची कोठी सरकवली.

"पप्पा, पहिल्यांदा लहान गाडी घ्या," हर्षाली म्हणाली. "आणि जिंकायचं नाही. नुसतं शेवटपर्यंत पोचायचं."

ऐकतील तर ना! घेतली सगळ्यांत तगडी गाडी. सुटले, आणि पहिल्याच वळणाला दरीत. परत सुटले, परत दरीत. कोठी हादरली, टेबल हादरलं, ताटाळ्यातली भांडीसुद्धा वाजली. "हा गेमच भंगार हाय!" हे ओरडले. "सापुताऱ्याचा घाट मी पावसात उतरलोय, मला शिकवतो का हा!"

पोरगी मात्र शांत होती हो. माझ्यावर अजिबात गेली नाही ती. "पप्पा, वळणात ब्रेक नाही मारायचा, वळणाच्या आधी मारायचा. मातीवर गाडी घसरणारच, घसरू द्यायची थोडी. आणि मुख्य म्हणजे हा काय सांगतो ते ऐकायचं." गेममध्ये एक माणूस सारखा इंग्रजीत बोलत होता. हर्षालीनं सांगितलं, रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी एक जण बसतो. त्यानं रस्ता आधी पाहून टिपून ठेवलेला असतो. पुढचं वळण केवढं, चढ कुठे, खडक कुठे, ते तो ड्रायव्हरला दिसायच्या आधी सांगतो. ड्रायव्हरनं डोळ्यांपेक्षा त्याच्यावर भिस्त ठेवायची.

"ह्या इंग्रजाची कटकट आधी बंद कर," हे म्हणाले.

ती पुण्याला गेल्यावर हे एकटेच खेळायचे. मी तिकडे मशीनवर ब्लाऊज शिवत असायचे. मी घरीच शिवणकाम करते. अर्ध्या मिनिटाला धडाम. मग एक शिवी. मग परत धडाम. एकदा चहा द्यायला गेले आणि उभी राहून बघितलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बाण येत होते, वळण यायच्या कितीतरी आधी. उजवीकडचा बाण, डावीकडचा, सरळ, वाकडा. आणि ह्यांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

"अहो, डावीकडे आहे!" मी ओरडले. हे वळले. गाडी वाचली.

"आता उजवीकडे, लय घट्ट!" परत वाचली.

हे गाडी थांबवून माझ्याकडे बघायला लागले. "तुला कसं कळलं?"

"ते काय, लिहिलंय की वर."

"कुठं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एवढ्या मोठ्या टीव्हीवरचा तो पांढराशुभ्र बाण ह्यांना दिसतच नव्हता. मग मी नीट लक्ष ठेवलं, तर गाडी जाऊन आपटायची ती दर वेळी डाव्याच बाजूला. डावीकडचं झाड, डावीकडचा खांब, डावीकडची भिंत. मी प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं आणि ह्यांच्या डाव्या हाताला बसले.

काय सांगू, त्यानंतरचे दोन-अडीच महिने आमच्या संसारातले सगळ्यात चांगले गेले! हसाल तुम्ही. साठीला आलेलं जोडपं, टीव्हीपुढे बसून ओरडतंय. पण आमचं जमलं. तो इंग्रज वळणांना आकडे लावायचा, ते मला जमेनात, मी माझे शिवणाचे शब्द घेतले. मोठं वळण असलं की सैल, मधलं असलं की बेताचं, अवघड असलं की घट्ट. आणि अगदी माघारी फिरायचं असलं की पिन. "डावं सैल, लगेच उजवं घट्ट, पुढे चढ, चढावर सोडू नका!" पहिल्यांदा मी उशिरा सांगायचे, वळण आल्यावर. हे चिडायचे, "आल्यावर काय सांगती, ते तर मलाबी दिसतंय!" मग शिकले. एक वळण चालू असताना पुढचं बोलायचं. आवाज चढवायचा नाही, घाबरायचं नाही. तुम्ही घाबरलात की गाडी घाबरते. ह्यांनीही तगडी गाडी सोडून लहान घेतली. माझं ऐकून हो! आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मी म्हणेन तिकडे वळत होता.

एकदा जंगलातला पूर्ण रस्ता आम्ही कुठेही न आपटता संपवला. हे टुणकन उठले आणि माझ्या पाठीवर असा धपाटा मारला की चहा सांडला. "मोहिनी, तू आधी कुठं होती गं?" म्हणाले.

मी नुसती हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं, मागच्या सीटवर होते म्हणून. हसत हसत बोलले असते तर हसत हसत गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करून बाहेर आले, तर हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हातात बोलेरोची चावी.

"चल, चांदवडला जाऊन येऊ. रेणुकामातेचं दर्शन घेऊ. तू पुढं बस. तू सांग, मी चालवतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि म्हटलं नाही. तुम्ही म्हणाल, बाई, तुला अक्कल आहे का? होती. पण ह्यांनी खाली जाऊन पुढच्या सीटवरची धूळ फडक्यानं पुसली, दार उघडलं आणि धरून उभे राहिले. माझ्यासाठी! लग्नात नेसले नसेन इतक्या हौशीनं मी हिरवी साडी नेसून आले होते. बसले मी. पट्टाही लावला. काच केवढी मोठी दिसते पुढून, आणि रस्ता किती जवळ.

"सांग," हे म्हणाले.

"डावं बेताचं. मग गेट. मग उजवं सैल."

गाडी निघाली. इतकी अलगद वळवली ह्यांनी, की मला वाटलं, होईल. खरंच होईल. जाऊ आम्ही चांदवडला, मग नामपूरला, मग कुठेही. मी पुढचं वळण बघत होते, गेटच्या बाहेरचं, शिकले होते तसं. आणि डावीकडे, गेटच्या खांबाला टेकून, आमच्या वॉचमनची बायको लताबाई उकिडवी बसून मेथी निवडत होती.

"थांबा!" मी किंचाळले. "थांबा, थांबा, थांबा!"

थांबली गाडी. लताबाई वर बघून हसली, "ताई, कुठं निघाल्या नटूनथटून?" तिच्या आणि चाकाच्या मधे मेथीची जुडी होती फक्त.

गेममध्ये माणसं नसतात हो. रॅलीचा रस्ता आधीच बंद केलेला असतो. वळणं असतात, झाडं असतात, पण मधेच मेथी निवडत कुणी बसत नाही, शाळेतून पळत येत नाही, म्हैस घेऊन आडवं जात नाही. आम्ही दोघं मिळून रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकलो होतो.

"अगं, मग आधी सांगायचं ना," हे म्हणाले. चिडून नाही, अगदी साधं. "माणसंपण सांगत जा. शिकशील तू."

एवढंच म्हणाले. मी म्हणायला हवं होतं, नाही जमणार मला, चला घरी. पण भीतीनं माझा ताबा गेला आणि आतलं सगळं बाहेर आलं.

"आता? आता बसवताय मला पुढे? धडधाकट होतात तेव्हा गोणी बसवलीत माझ्या जागी! डोळे गेले तेव्हा बायको आठवली? मी बायको आहे का आंधळ्याची काठी?"

लताबाईसमोर बोलले. काचा उघड्या होत्या.

ह्यांनी गाडी बंद केली. चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि जिना चढून वर गेले. कठड्याला हात लावत गेले. तसा हात लावताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी मी गेटातच अडवली त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. परत तशी वेळ आली तर परत अडवीन. पण ते शब्द. माफी मागितली मी, एकदा नाही, कितीदा तरी. हे म्हणतात, "जाऊ दे, खरंच बोलली तू." खरं होतं म्हणूनच लागलं ना! ह्यांनी गेमच्या स्टिअरिंगला परत हात लावला नाही. मी स्टूल मांडून बसायचे, चला ना हो, एकच रस्ता. तर म्हणायचे, नको, डोळे दुखतात. गाडी नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्यानं विकत नेली. हर्षालीनं फोनवर विचारलं, गेम बिघडला का? मी म्हटलं, हो, बिघडला.

आता उजवा डोळाही गेल्यात जमा आहे. संध्याकाळी मी ह्यांना बागेपर्यंत फिरवून आणते. मीच सांगते सगळं. पायरी. उजवीकडे मोटरसायकल. पुढे पोरं खेळतायत, थांबा. हे थांबतात, म्हणेन तिथे वळतात, एका शब्दानं उलटून बोलत नाहीत. शेजारून चला म्हटलं, हात धरा म्हटलं, तर मान हलवतात आणि माझ्या खांद्यावर नुसती बोटं टेकवून एक पाऊल मागेच राहतात. म्हणतात, "तू चल पुढं. मी आहे मागं."

मला कुठे पुढे जायचं होतं हो. मला ह्यांच्या शेजारी बसायचं होतं.