झांकीचा मागचा पडदा

पोलंडहून आलेले बारा विद्यार्थी इंदूरच्या कला महाविद्यालयातल्या बारा जणांच्या गळ्यात बांधले गेले, तेव्हा अनुश्रीच्या वाट्याला मार्ता आली. बाकीच्यांच्या घरी पाहुण्यांसाठी वेगळ्या खोल्या होत्या, कोणाकडे गाडीसुद्धा होती. अनुश्रीकडे गिरणीच्या चाळीतली दीड खोली होती आणि मोडकंतोडकं इंग्रजी. मार्ताचं इंग्रजी त्याहून मोडकं निघालं आणि तिथेच दोघींचं जमलं.

चाळीमागची थंड पडलेली चिमणी बघून मार्ताने विचारलं, "ही बंद आहे?"

"तीन वर्षं झाली. माझे बाबा इथे साच्यावर कापड विणायचे."

मार्ताने बोटाने स्वतःकडे खूण केली. "माझी आई. सूत काढायची. तिची गिरणीपण बंद."

सगळ्या जगात म्हणे तेव्हा नवे दरवाजे उघडत होते. या दोघींच्या घरांवर मात्र त्या उघडझापीत बाहेर पडायचीच पाळी आली होती. पण एवढ्या लांबच्या दोन मुलींचं रडगाणं एकच निघावं, याचं त्यांना हसू आलं आणि त्या दिवसापासून त्या एका ताटात पोहे खायला लागल्या.

प्रत्येक जोडीने मिळून एक चित्र करायचं होतं. पाहुणे गेल्यावर गुरुवारी भोपाळहून परीक्षक येणार, बारांतली पाच चित्रं निवडणार, आणि त्या पाच चित्रांबरोबर इथले पाच विद्यार्थी नोव्हेंबरात पोलंडला जाणार. जाण्यायेण्याचा सगळा भार सरकारवर. अनुश्रीला आयुष्यात एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटायची सवय नव्हती. मार्ताने तर आपल्या घरातला खिडकीजवळचा पलंग तिच्यासाठी ठरवूनही टाकला.

घरी अनुश्रीने यातलं अवाक्षर काढलं नाही. तिचे वडील, दिवाकरराव, आनंद पोटात ठेवू शकणारा माणूस नव्हे. ते पार बड्या गणपतीच्या चौकापर्यंत सांगत सुटले असते, आणि निवड झाली नसती तर त्यांना पुन्हा तोंड लपवावं लागलं असतं. तीन वर्षांत त्यांनी ते पुष्कळ केलं होतं. म्हणून तिने एवढंच सांगितलं, "कॉलेजचं काम आहे बाबा, कापड पाहिजे."

त्यांनी पेटीतून जाड पांढऱ्या कापडाचा लठ्ठा काढून दिला. दहा हात लांब, त्यांच्याच साच्यावरून उतरलेला शेवटचा. घरात तो पसरायला जागा कुठली? म्हणून गिरणीच्या आवारातली झांकीची शेड मिळाली. गिरणी बंद पडली तरी अनंत चतुर्दशीला गणपतीपुढे तिची झांकी, म्हणजे गाड्यावरचा देखावा, निघायचीच. कामगार वर्गणी काढून, जुनी फळकुटं ठोकून दरवर्षी ती उभी करायचे. रंगही तिथलेच मिळाले, पावडरीचे, सरसाच्या चिकट पाण्यात कालवलेले. ते कसे कालवायचे हे दिवाकररावांनीच मार्ताला शिकवलं.

दहा दिवस दोघी जमिनीवर पालथ्या पडून रंगवत होत्या. डावीकडे साच्यावर वाकलेले दिवाकरराव, उजवीकडे चातीपाशी उभी मार्ताची आई. आईच्या हातून सुटलेलं सूत सगळं कापड ओलांडून बाबांच्या साच्यात जात होतं. मार्ताची आई दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. हे चित्र बघायला मात्र नक्की येईल, असं मार्ता रोज एकदा तरी म्हणायची.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दिवाकररावांचे जोडीदार तुकोजी डोकं खाजवत आले. "दिवाकर भिया, यंदा मागचा परदाच नाहीये. कृष्ण काय हवेत उभा करायचा का?"

सगळ्यांची नजर लठ्ठ्यावर गेली. दिवाकररावांनी लेकीकडे पाहिलं. "देते का बेटा झांकीला?"

मार्ता टाळ्या पिटायला लागली. सगळं शहर बघेल! अनुश्रीनेही हो म्हटलं, आणि खुशीने म्हटलं.

झांकी कृष्णपुऱ्यावरून राजवाड्याकडे निघाली तेव्हा लोक कृष्णापेक्षा पडद्याकडेच बोटं दाखवत होते. मार्ताने फोटो काढून रीळ संपवलं. दिवाकरराव झांकीच्या पुढे असे चालत होते, जणू गिरणीचा भोंगा उद्या सकाळी वाजणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुश्री मार्ताला गाडीत बसवून आली. गळ्यात पडून दोघी रडल्या, पण नोव्हेंबर काय, आलाच. स्टेशनवरून ती थेट शेडमध्ये गेली.

शेडबाहेरच्या हौदातलं पाणी निळं-तांबडं झालं होतं. दोरीवर झांकीची कापडं वाळत होती. दिवाकररावांचे हात कोपरापर्यंत रंगलेले होते.

"आली का? तुझा लठ्ठा मी स्वतः धुतला बघ. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तीन पाणी काढले. एक डाग सापडला तर सांग."

अनुश्रीने दोरीकडे पाहिलं. कापड पांढरंशुभ्र होतं.

झांकीला दिलेलं चित्र दुसऱ्यांदा बाप्पापुढे न्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन कोरं करायचं, ही गिरणीची रीत होती. अनुश्रीला ती ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणी फ्रॉक खोचून तीच त्या हौदात कापडं तुडवायची. आपल्या आनंदात तिला तेवढंच आठवलं नव्हतं. आणि हे चित्र कशासाठी आहे, हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं.

"कॉलेजचं काम आता यावर मजेत कर," दिवाकरराव म्हणाले. "एकदम नवा करून दिला."

तिने दोरीवरच्या लठ्ठ्याची एक सुरकुती सारखी केली. "छान निघालाय बाबा," ती म्हणाली.

गुरुवारी कॉलेजच्या प्रेमलता मॅडमनी परीक्षकांना खूप समजावलं. मी स्वतः राजवाड्यावर पाहिलंय हो, असंही सांगितलं. परीक्षक भले होते, पण समोर नाही त्याला गुण कसे देणार? आणि चित्र दोघींच्या हातचं हवं होतं. दुसरे दोन हात आता विमानात होते.

महिन्याभराने पाकीट आलं. आत झांकीचा मोठा रंगीत फोटो होता. पडदा पूर्ण दिसत होता, आणि पुढे मान ताठ केलेले दिवाकरराव. मागे मार्ताने लिहिलं होतं, 'आईने भिंत रिकामी केली आहे. रोज विचारते, कधी येणार?'

अनुश्रीने त्याला उत्तर पाठवलं नाही. काय लिहायचं होतं? बाबांनी पुसलं, असं? मार्ताची आणखी दोन पत्रं आली, मग तीही थांबली.

फोटो आला त्या दिवशी मात्र दिवाकररावांनी तो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला, उलटून पाहिला. "मागे काय लिहिलंय गं?"

"झांकी आवडली म्हणते."

"आवडणारच!" त्यांनी तो फोटो चौकटीत घालून आणला आणि अनुश्रीच्या झोपण्याच्या जागेसमोर खिळा ठोकला. जरा मागे सरून चौकट सरळ केली. "राहू दे इथेच," ते म्हणाले, "रोज दिसेल तुला."