बंद खोलीतली हवा

"खिडकी लाव गं, धूळ येतेय," असं म्हणून त्यानं खाटेखालचं मशीन सुरू केलं. बायकोनं लिंबाच्या वासाचं औषध बादलीत ओतलं आणि लादी पुसायला घेतली. खाटेवर त्याची आई खोकत होती.

पन्नाशी उलटली तरी लॉजवर सगळे त्याला रूमबॉयच म्हणत. गिऱ्हाईक गेलं की खोली बंद करून तो असलंच मशीन लावायचा. तासाभरात सिगारेटचा वास गायब. मशीन चालू असताना आत कुणी थांबायचं नाही, असा नियम होता. आवाजाचा लोकांना त्रास नको म्हणून असेल, असं त्यानं धरून चाललं. साहेबांना कारण विचारायची सवय त्याला कधी नव्हतीच. जुनं मशीन मोडीत निघालं, तेव्हा आईला स्वच्छ हवा मिळावी म्हणून त्यानं ते मागून आणलं.

आईचा दमा जुनाच, पण मशीन आल्यापासून धाप वाढली. मग त्यानं ते दिवसभर चालू ठेवलं. बायको एकदा पुसायची ती तीनदा पुसू लागली.

"दोघांनी मिळून माझं लॉज केलंय," आई हसायची. "आता बिल तेवढं लावू नका."

एका दुपारी तिचे ओठ निळे पडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं खोदून विचारलं. "त्या मशीनमधून ओझोन वायू निघतो, तो छातीला वाईटच. खोली रिकामी ठेवतात ती त्यासाठी. त्यात हा लिंबाचा वास मिसळला की आणखी विषारी वाफ तयार होते, बारीक कण होतात. नुसत्या लिंबाच्या पाण्यानं एवढं झालं नसतं. नुसत्या मशीननंही त्रास झाला असता, पण इतका नाही."

"आता?"

"फार आशा धरू नका."

बाहेर बाकावर दोघं बसली. हिनं साध्या पाण्यानं पुसलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. बायको काय विचार करतेय हेही त्याला कळत होतं. मनसोक्त भांडावं, तर तेवढीही सोय राहिली नव्हती.

दोघं आत गेली, तेव्हा आई तोंडावरचा मास्क सरकवून शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "नशीबवान आहे हो मी. असा मुलगा, अशी सून कुणाला मिळते?" मग तिनं त्याचा हात धरला. "घरी ने रे मला. इथली हवा काही खरी नाही. घरी कसं, मोकळं वाटतं."

बायकोनं मान फिरवली.

"नेतो," तो म्हणाला. "उद्याच नेतो."

त्यानं मास्क पुन्हा तिच्या तोंडावर नीट बसवला आणि तिला झोप लागेपर्यंत हात सोडला नाही.