कमी दमाची, आडव्या चालीची

मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा रंग मुळात मोरपंखी होता असं म्हणतात; आता तुम्हाला जो दिसेल तो म्हणा, मी वाद घालणार नाही. माझे चारही दरवाजे शाबूत आहेत, फक्त त्यातला एक दुसऱ्या गाडीचा आहे. मित्रांनो, माझं चित्र कुणी भिंतीवर लावणार नाही आणि शर्यतीच्या गप्पांत माझं नावही निघणार नाही. तरी माझ्याकडे सांगण्यासारखं एक आहे. ते सांगितल्याशिवाय मला स्वस्थ वाटायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, माझ्यासारख्याच बहिणींच्या रांगेत झाला. मला इंजिन लहान मिळालं. काही गाड्यांच्या इंजिनात हवा जोराने कोंबणारी चक्की असते, तिला टर्बो म्हणतात. ती माझ्या नशिबी नव्हती. मी माझ्या स्वतःच्या श्वासावर चालते. चढ लागला की मला धाप लागते आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवून माझी लाज काढतात. एक गोष्ट मात्र मला मिळाली, जी हल्लीच्या लहान गाड्यांना मिळत नाही. माझ्या इंजिनाची असेल नसेल ती सगळी ताकद मागच्या चाकांकडे जाते.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते मला इतकी सावकाश चालवत की सायकलवाले पुढे जाताना त्यांची विचारपूस करून जात. दर सुटीच्या दिवशी ते मला स्वतःच्या हाताने धूत आणि शेजाऱ्यांना सांगत, "गुणी आहे हो, कधी कुरकुर नाही." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली. मग त्यांची नजर अधू झाली आणि मी एका बेकरीवाल्याकडे गेले. त्याने मला धुतलं नाही आणि माझं कौतुकही केलं नाही. शेवटी एका मिस्त्रींच्या गॅरेजमागे मी जाऊन पडले. माझ्या चाकांभोवती गवत वाढलं. मागच्या सीटवर मांजरीने पिलं घातली. खरं सांगते, तेव्हा निदान कुणीतरी आत राहायला आलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

मिस्त्रींना दोन मुलं. थोरला उंच, हडकुळा, हाताला सतत ग्रीस. धाकटी त्याच्या खांद्याला लागेल एवढी, पण कॉलेजात जाणारी. सीटवर पुढे सरकून खारीसारखं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायची म्हणून थोरला तिला खारू म्हणायचा. त्यांची आई फार पूर्वी गेली होती, त्यामुळे खारूला वाढवण्यातही अर्धा हात थोरल्याचाच होता.

थोरल्याच्या डोक्यात ड्रिफ्टचं खूळ शिरलं. ड्रिफ्ट म्हणजे काय, तर वळणावर गाडीचं शेपूट मुद्दाम सुटू द्यायचं आणि तशा आडव्या, घसरत्या गाडीला सांभाळत वळण पार करायचं. त्यासाठी मागच्या चाकांवर चालणारी गाडी लागते, आणि गॅरेजात तशी मी एकटीच होते. गवत उपटलं गेलं. मांजरीची पिलं टोपलीत गेली. मिस्त्रींनी आधी कपाळाला हात लावला, आणि मग स्वतःच वेल्डिंगचा चष्मा चढवून माझी मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतील अशी आतून जोडून दिली. वर म्हणाले, "रस्त्यावर हा चाळा केलात तर तंगड्या मोडीन."

हा चाळा आम्ही रस्त्यावर कधीच केला नाही. जवळ एक बंद गोदाम होतं, त्याच्या पुढे सिमेंटचं मोठं पटांगण. एका कडेला माल चढवायचा कमरेएवढा उंच ओटा होता, त्याला सगळे धक्का म्हणत. मिस्त्री त्या गोदामाची यंत्रं पूर्वी दुरुस्त करत असल्याने किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. थोरल्याने दांडग्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिलेले. त्याने वळणात शिरून गॅस, म्हणजे ॲक्सिलरेटर, दाबला, आणि दांडग्या गाडीची चाकं जिथे धूर काढतात तिथे मी घर्र करून दम सोडला. तो खूप हसला. मग डोकं खाजवत विचार करू लागला. पुढचे कित्येक दिवस विचार आणि हसणं, एवढंच चाललं होतं. मागे गुळगुळीत झालेले टायर घालून त्यांत हवा टम्म भरली, सिमेंटवर पाणी मारलं, आणि हळूहळू त्याला माझी नाडी सापडली.

मग तो शेजारच्या सीटवर बसून खारूला शिकवू लागला. "आपल्याकडे दम नाही ना, मग उधळपट्टी करायची नाही. वेग आधीच गोळा करून वळणात आणायचा. आधी किंचित उलट्या बाजूला, मग झटक्यात वळणात. गॅसवरचा पाय उचल. वजन पुढे आलं? शेपूट हलकं झालं? आता हँडब्रेक. आता गॅस, पार तळापर्यंत, आणि सोडायचा नाही."

खारू नेमका तिथेच पाय उचलायची. मी शहाण्यासारखी सरळ व्हायचे आणि तो कपाळ बडवायचा.

"घाबरलीस की सोडतेस. आपल्या गाडीला सोडून चालत नाही, खारू. मोठ्या गाड्या सोडून परत पकडता येतात. ही एकदा सुटली की गेली."

तिला थोडं जमू लागल्यावर तो उतरून धक्क्यावर उभा राहायचा, म्हणजे त्याला मागची चाकं दिसत. खारूला प्रत्येक वळणावर त्याच्याकडे बघायची सवय लागली. आणि मी तर चालवणाऱ्याच्या नजरेमागे जाते. आडवी असताना माझं नाक कुठेही असो, डोळे जिकडे तिकडेच हात वळतात आणि हात वळतील तिकडे मी. मी धक्क्याकडे घसरायचे आणि थोरला वरून ओरडायचा, "माझ्या तोंडावर रस्ता छापलाय का? वळण जिथे संपतं तिकडे बघ!"

ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते.

मग थोरल्याला ताप आला. दोन दिवस अंगावर काढला आणि तिसऱ्या दिवशी त्याला उभं राहता येईना. दवाखान्यात त्याला मीच नेलं. खारू चालवत होती, मिस्त्री मागे बसले होते, आणि तो शेजारच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून होता. मी इतक्या जपून आयुष्यात कधी चालले नसेन. तो परत आला नाही. परतीच्या वाटेवर मिस्त्री मागेच बसले. ती सीट रिकामी ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तिच्यावर कुणी बसलं नाही.

मित्रांनो, बाहेरचं मला दिसतं, पण आतलं पाहायला मला डोळे नाहीत. मला कळतं ते वजन. माझ्यात कोण बसलं, कोण झोपलं, कोण सीटच्या कडेला टेकून रडतं आहे, हे मला स्प्रिंगांवरून कळतं. त्या परतीच्या वाटेवर शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या. दवाखान्यात जाताना होत्या तेवढ्याच.

मला भीती वाटली. गाडीलाही भीती वाटते. घरी आल्यावर सगळे उतरले, दारं लागली, माझ्यावर ताडपत्री आली, आणि ते वजन आत बसून राहिलं.

किती काळ गेला सांगता येत नाही, ताडपत्रीखाली काळ कळत नाही. एक दिवस खारूने ती ओढून काढली आणि मला पटांगणात नेलं. तिने वेग धरला, किंचित उलट्या बाजूला घेतलं, वळणात टाकलं, पाय उचलला, हँडब्रेक, गॅस. सगळं बरोबर. आणि मी सरळ धक्क्याकडे घसरत गेले. मडगार्ड चेपलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्यानंतर पुन्हा. शेजारचं वजन दर वेळी वळणाच्या जरा आधी झुकायचं, थोरला झुकायचा तसंच, आणि मला वाटायचं आता जमेल. पण शेवटी धक्का यायचाच.

मिस्त्री मिस्त्रीच. त्यांनी दोष माझ्यात शोधला. दोरी ताणून चाकांची रेघ पाहिली. चाकांवरच्या स्प्रिंगा बदलल्या, टायर बदलले, स्टिअरिंगचा सांधा उघडून पुन्हा बसवला. रात्रंदिवस पोराच्या आठवणीने झुरण्यापेक्षा पाना हातात असलेला बरा, असं त्यांना वाटत असावं. पण मी प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच जागी जाऊन आपटले.

मग आत्या आली, मिस्त्रींची थोरली बहीण. तिने माझं चेपलेलं तोंड पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "एक पोरगा नेला हिने. आता पोरीच्या मागे लागली आहे. मोडीत घाल ती."

"ताप आला होता गं त्याला. गाडीचा काय संबंध?" मिस्त्री म्हणाले. पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघेनासे झाले, आणि पुढच्या खेपेला मी आपटले तेव्हा ते लोखंड कापायच्या गॅस कटरचा सिलिंडर ढकलत पटांगणातच घेऊन आले.

खारू आतून उतरेना.

"उतर."

"नाही उतरणार. दादाची गाडी आहे."

"अगं, दोष सापडत नाहीये मला हिचा. एखाद दिवशी तुझं काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"एकदा तुम्ही वर उभं राहून बघा, बाबा. मग कापा."

मिस्त्री धक्क्यावर चढले. थोरल्याची जागा कुठली हे त्यांना माहीत नव्हतं. ते तिच्या हातभर बाजूला उभे राहिले. मी वेग घेऊन आले, आडवी झाले, धक्क्याकडे निघाले. ते माझ्या चाकांकडे बघत होते. मग त्यांनी नजर उचलून काचेतून मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. खारूने ब्रेक दाबला, मी वीतभर अलीकडे थांबले.

ते खाली उतरले आणि खिडकीशी आले.

"कुणाकडे बघत होतीस? माझ्याकडे नव्हतीस."

खारूने धक्क्यावर बोट दाखवलं. "दादा उभा असतो तिथे."

मला वाटलं ते रागावतील किंवा रडतील. त्यांनी खिडकीवर कोपर टेकलं.

"मलाही दिसतो," ते म्हणाले. "गॅरेजात, जेवताना, कुठेही. पण मी तेव्हा गाडी चालवत नसतो गं."

"मी बघितलं नाही तर तो जाईल, बाबा."

"म्हणून धडकतेस होय." ते धक्क्याकडे वळून पाहू लागले. "असं करू. तू वळणाच्या शेवटाकडे बघ. त्याच्याकडे मी बघत राहतो. मी पापणी नाही हलवणार. मग तो कुठे जाईल?"

ते पुन्हा वर चढले. या वेळी तिला विचारून, नेमके थोरल्याच्या शेजारी उभे राहिले, आणि त्या मोकळ्या जागेकडे मान वळवून थांबले. हातात हात धरावा तसा त्यांचा एक हात थोडा बाहेर होता.

खारूने डोळे पुसले. मी वेग घेतला. किंचित उलट्या बाजूला, मग वळणात. तिचा पाय उचलला गेला, माझं वजन पुढे आलं, शेपूट हलकं झालं. हँडब्रेक. शेजारची सीट वेळेआधी झुकली. गॅस तळाला गेला आणि मी माझ्या लहानशा छातीत मावेल तेवढी हवा ओढली. धक्का जवळ आला. तिची मान त्या बाजूला वळू लागली, मला तिच्या हातांतून कळलं. मग तिने मान परत आणली आणि वळण जिथे संपतं तिकडे पाहिलं. तिने पाय उचलला नाही. मी आडवीच्या आडवी धक्क्यापासून दूर सरकत गेले, सबंध वळण पार केलं आणि पटांगणाच्या पलीकडे सरळ उभी राहिले. मित्रांनो, माझ्यासारख्या धाप लागणाऱ्या गाडीसाठी ते काय होतं, ते मला सांगता येत नाही.

मिस्त्री धावत आले. खारूने धक्क्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, होता का शेवटपर्यंत?"

"होता की." ते धापा टाकत होते. "ओरडत होता. म्हणाला, हँडब्रेक जरा उशिरा ओढलास."

ती हसली आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठमोठ्याने रडली. दवाखान्यातून आल्यापासून ती माझ्यात अशी रडली नव्हती. मिस्त्रींनी कटर न पेटवताच सिलिंडर परत नेला.

मिस्त्री खोटं बोलले. धक्क्यावर कुणी नव्हतं. ते ज्याच्याकडे पापणी न हलवता बघत राहिले तो सगळं वळणभर माझ्यात होता, खारूच्या शेजारी, तिच्या कोपराला कोपर लावून. वळण संपलं तेव्हा त्या सीटच्या स्प्रिंगा एकदा उसळल्या. तो हसला की त्या तशाच उसळायच्या. खारू रडत असताना मिस्त्रींनी शेजारचं दार उघडलं, आणि ते आत बसण्याच्या आधी शेजारची सीट मोकळी झाली आणि, अलगद, मागची सीट दबली.

हे मला त्यांना सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही अंगणात कुठेतरी माझ्यासारखी एखादी उभी असेल, गंजलेली, कुणी न पुसलेली. तिला मधूनमधून पुसा, चालवा, तिच्या टायरांत हवा भरा. आणि तिला मोडीत काढायची वेळ आलीच, तर घाई करू नका. आधी तिचं दार उघडा आणि जरा बाजूला उभे राहा. आत कुणी बसलं असेल, तर त्याला उतरायला वेळ द्या.